पाचाडला मुक्काम करायचा तर

पाचाडला मुक्कामाला सहसा कुणी येत नाही. लोक पाचाडवरून पुढे जातात. महाडकडून आलेली गाडी कोंझर ओलांडून घाट चढते, गावात शिरते, जिजाऊंच्या समाधीची पाटी दिसते, मागच्या सीटवरून कुणीतरी “येताना बघू” म्हणतं आणि गाडी थेट हिरकणीवाडीला रोपवेपाशी जाऊन थांबते. ट्रॉलीत बसलं की पाच मिनिटांत माणूस रायगडावर. दोन-तीन तासांत राजसदर, बाजारपेठ, जगदीश्वर, समाधी उरकायची, पुन्हा रांग, पुन्हा ट्रॉली. खाली उतरेपर्यंत दिवस कलतो आणि जिजाऊंच्या समाधीचं “येताना” राहून जातं. रायगड पाहिलेल्या निम्म्याअधिक लोकांनी पाचाड पाहिलेलं नसतं, असं म्हटलं तर त्यात फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

हा सगळा बेत उलटा करून बघावा. गाव मुक्कामाचं आणि गड त्यातला एक दिवस, असं धरून चालावं.

वेस्ट इंडिजच्या बेटांवरल्या किनाऱ्याच्या छोट्या गावांची वर्णनं पर्यटनाच्या मासिकांत येतात. त्यांत एक आमिष हटकून असतं: एकदा सामान खोलीवर टाकलं की आठवडाभर गाडीला हात लावायला नको. समुद्र, खाणावळ, बाजार, जुनं चर्च, सगळं चालत. एवढ्यासाठी लोक अर्ध्या जगाचा प्रवास करून जातात. पाचाडला समुद्र नाही आणि वाळूत पसरायची खुर्चीही नाही. पण गाडी न काढता तीन-चार दिवस रोज नवीन काहीतरी पाहता येईल का, एवढीच कसोटी लावली तर महाड-पोलादपूरच्या मुलखात या गावाच्या जवळपास येणारं दुसरं ठिकाण मला दिसत नाही. शिवथरघळ सुंदर आहे, तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ पाहण्यासारखं आहे. पण तिथं जाऊन परतावं लागतं. पाचाडला राहता येतं.

पोहोचणं अवघड नाही. मुंबई-गोवा महामार्गावरचं महाड मुंबईपासून सुमारे १७५ किलोमीटरवर, आणि तिथून पाचाड आणखी पंचवीसेक किलोमीटर. महाडच्या एसटी स्थानकातून रायगडच्या बाजूला गाड्या सुटतात. त्या शहरातल्यासारख्या दर अर्ध्या तासाला नसतात, म्हणून स्थानकावर उतरल्याबरोबर आधी खिडकीवर वेळ विचारावी आणि मग चहाला जावं. एसटी चुकली तर रिक्षा आणि जीपगाड्या मिळतात. रस्त्यात नाते हे गाव लागतं. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे देशाचे अर्थमंत्री झालेले चिंतामणराव देशमुख यांचा जन्म इथला, १४ जानेवारी १८९६ चा. पुण्याहून येणाऱ्यांना ताम्हिणी उतरून निजामपूरवरून परस्पर पाचाडला येता येतं. भोरवरून वरंध घाटानंही महाड गाठता येतं, पण पावसाळ्यात त्या घाटाचा भरवसा धरू नये. दरडींमुळे तो वरचेवर बंद असतो.

निजामपूरची वाट जुनी आहे. १६७४ च्या मे महिन्यात मुंबईचा इंग्रज वकील हेन्री ऑक्झेंडन शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला यायला निघाला, तो समुद्रमार्गे चौल आणि मग अष्टमी, निजामपूर असं करत गडाच्या पायथ्याशी पाचाडला येऊन पोहोचला. महाराज तेव्हा प्रतापगडावर भवानीच्या दर्शनाला गेले होते. साहजिकच वकीलसाहेबांना पाचाडला थांबावं लागलं. महाराजांच्या दरबारातल्या निराजीपंतांनी त्यांची विचारपूस केली, बोलणी झाली, आणि वर यायचा निरोप आल्यावरच स्वारी गड चढली. पाचाडला मुक्काम करून त्याची टिपणं मागं ठेवणारा हा पहिला पाहुणा असावा, तोही नाइलाजानं राहिलेला. त्याच काळात हिंदुस्थानात असलेल्या फ्रायर या इंग्रज डॉक्टरानं पुढं या वकिलातीची एक गंमत लिहून ठेवली. गडावर इंग्रजांना मटण पुरवणारा म्हातारा खाटीक, ही माणसं आता परत जाणार हे कळल्यावर धापा टाकत गड चढून त्यांना बघायला आला. कित्येक वर्षांत मिळून जेवढं मांस विकलं गेलं नव्हतं तेवढं या गिऱ्हाइकांनी थोड्या दिवसांत फस्त केलं होतं; असली माणसं डोळ्यांनी पाहावीत एवढीच त्याची इच्छा होती.

आजच्या पाहुण्याची सोय याहून बरी आहे. पाचाड ते हिरकणीवाडी या पट्ट्यात घरगुती राहण्या-जेवणाच्या खोल्या आहेत, लहान लॉज आहेत. शनिवार-रविवार सोडून गेलात तर आयत्या वेळीही जागा मिळते. जेवण मात्र आधी सांगून ठेवावं लागतं. सकाळी “किती माणसं, शाकाहारी की मांसाहारी” हे ठरलं की रात्री तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, वालाचं बिरडं, सुकट असं काहीतरी गरमागरम पुढ्यात येतं. हॉटेलातल्या पंजाबी भाज्यांचा नाद इथं करू नये. ते करतील बिचारे, पण तुम्ही भाकरी मागितलीत तर करणारीचा हात खुलतो. पैसे रोख जवळ ठेवावेत, औषधं महाडहून घेऊन यावीत. मोठा दवाखाना लागला तर तोही महाडलाच.

कधी जायचं, यावर अर्धा बेत अवलंबून आहे. दिवाळीनंतरपासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस चालायला उत्तम. पहाटे थंडी असते, हवा स्वच्छ असते आणि गडावरून लिंगाणा, त्यामागं राजगड-तोरणा ओळखता येतात. पावसाळ्यात हा मुलूख डोळ्यांचं पारणं फेडतो हे खरं, पण गडाच्या पायऱ्यांवरून पाण्याचे लोट येतात. जुलै २०२४ मध्ये अशाच एका पावसात पर्यटक वाटेत अडकले आणि प्रशासनाला पायऱ्यांची वाट काही काळ बंद करावी लागली. त्याआधी २२ जुलै २०२१ ला याच महाड तालुक्यात तळिये गावावर डोंगर कोसळला होता आणि महाड शहर पुरात बुडालं होतं. या गोष्टी इथल्या लोकांच्या बोलण्यात अजून ताज्या आहेत. तेव्हा “जरा पावसात भिजायला जाऊ” असं उत्साहानं म्हणणाऱ्यांनी निघण्यापूर्वी एक फोन करावा आणि घरमालक नको म्हणाला तर वाद घालू नये.

मे महिन्यात करवंदं, जांभळं, आंबे, फणस, सगळं असतं, पाणी नसतं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस घेणाऱ्या महाड-पोलादपूरच्या वाड्यांना एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहावी लागते. पाऊस डोंगरावरून धावत गांधारी आणि काळ या नद्यांत जातो, नद्या सावित्रीत आणि सावित्री बाणकोटच्या खाडीत. थांबतो कुठेच नाही. उन्हाळ्यात राहायला गेलात तर बादलीभर पाण्यात आंघोळ आटपावी. शिमग्याला आणि गणपतीला जाऊ नये असं मी सांगेन. मुंबईत कामाला असलेली माणसं तेव्हा घरी येतात, एरवी कुलूप असलेली घरं उघडतात, एसटीत उभं राहायला जागा नसते आणि ज्या घरात तुम्ही खोली मागणार त्यांच्याकडेच पाहुणे असतात.

पोहोचल्याची पहिली संध्याकाळ गावालाच द्यावी. जिजाऊंची समाधी रस्त्याला लागूनच आहे. राज्याभिषेक ६ जून १६७४ चा. त्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, १७ जूनला, जिजाऊंचं पाचाडला निधन झालं. गडावरची गार हवा आणि वारा त्यांना उतारवयात मानवेना म्हणून महाराजांनी पायथ्याशी त्यांच्यासाठी वाडा बांधला, असं सांगतात. त्या वाड्याचा दगडी तट, बुरूज आणि आतली जोती समाधीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. आत छप्पर एकाही इमारतीवर नाही. तरी जोत्यांवरून फिरताना मांडणी कळते: इथं दार, इथं चौक, इथं पाण्याची वाट. आत विहिरी आहेत. त्यातली एक तक्क्याची विहीर म्हणून ओळखली जाते, कारण तिच्या काठाला टेकून बसायला दगडी तक्क्या घडवलेला आहे. जिजाऊ तिथं बसून लोकांची गाऱ्हाणी ऐकत, अशी गावातली आठवण. ती खरी मानायची की नाही ते ज्यानं-त्यानं ठरवावं; बसायला जागा मात्र नेमकी निवडलेली आहे.

इथं घाई करायचं कारण नाही, आणि संध्याकाळ निवडण्यामागं एक कारण आहे. पाचाड गडाच्या पश्चिमेला आहे. मावळतीचं ऊन रायगडाच्या या बाजूच्या कड्यावर थेट पडतं आणि दुपारभर काळा-भुरा वाटलेला कातळ तांबूस होत जातो. हिरकणी बुरूज याच अंगाला. गडाचे दरवाजे बंद झाले म्हणून तान्ह्या बाळाच्या ओढीनं कडा उतरलेल्या गवळणीची गोष्ट आपण शाळेत ऐकतो. ती कुठून उतरली असेल हे खालून बघायला मिळतं. रोपवेनं येऊन चारला परतणाऱ्याला हे दिसत नाही.

दुसरा दिवस गडाचा. पहाटे निघावं. पाचाडहून खिंडीकडे चढत जाणाऱ्या रस्त्यानं, पायऱ्या जिथून सुरू होतात तो चित्त दरवाजा अर्ध्या-पाऊण तासाच्या चालीवर आहे, रोपवेचं ठाणं त्याच्या थोडं पुढे. पायऱ्या किती, याचे आकडे सांगणाऱ्यागणिक बदलतात. हजाराच्या बऱ्याच वर आहेत एवढं नक्की. सकाळी सूर्य गडाच्या मागून वर येतो, त्यामुळे पायऱ्यांच्या वाटेवर बराच वेळ सावली राहते. ज्यांनी अकरा वाजता चढायला सुरुवात केली त्यांना हा फायदा मिळत नाही, आणि मग “रायगड फार दमवतो” अशी गडाची बदनामी होते. बेतानं चढलं तर दोन तासांत महादरवाजा येतो. खुबलढा बुरूज मागं टाकून वाट वळणं घेत जाते आणि महादरवाजाचे दोन प्रचंड बुरूज अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाहीत. दिसतात तेव्हा आपण त्यांच्या माऱ्यात आलेलो असतो. गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचं हे काम समजायला चढूनच जावं लागतं. रोपवे नेमका हाच धडा गाळतो. १९९६ पासून रोपवे आहे, आणि तो आहे म्हणून म्हातारीकोतारी माणसं गड पाहू शकतात, त्याबद्दल तक्रार नाही. ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांनी चढताना पायऱ्या घ्याव्यात आणि उतरताना हवं तर ट्रॉलीत बसावं. गुडघे दुखतात ते उतरतानाच.

नाणे दरवाजाची जुनी वाटही आहे. ऑक्झेंडन या वाटेनं वर गेला असं मानतात. ती वाट विचारून, सोबत असेल तरच धरावी.

गडावर काय पाहायचं याच्या याद्या सगळीकडे मिळतात, त्यामुळे मी दोन-तीनच गोष्टी सांगतो. एक, दुपारी बारा ते दोन या वेळात राजसदरेवर जाऊ नये. सहली त्याच वेळी तिथं असतात. त्या वेळात गडावरच्या एखाद्या खोपटात पिठलं-भाकरी, ताक घेऊन बसावं. सदरेवर सकाळी लवकर किंवा उशिरा जावं, कारण नगारखान्यापाशी हलक्या आवाजात बोललेलं सिंहासनाच्या जागी ऐकू येतं की नाही, हे गर्दीत तपासता येत नाही. शांततेत तपासा, येतं. दोन, जगदीश्वराच्या देवळात दर्शन घेऊन बाहेर पडताना पायरीकडे बघावं. हिरोजींच्या नावाची ओळ तिथं कोरलेली आहे. एवढा गड उभा करणाऱ्यानं नाव ठेवलं ते लोकांचे पाय पडतील अशा जागी. समोरच महाराजांची समाधी. ३ एप्रिल १६८० ला महाराज याच गडावर गेले. तीन, टकमक टोकावर वाऱ्याचा अंदाज घेऊन जावं. महाराजांवर छत्री धरणारा सेवक तिथून वाऱ्यानं उचलला गेला आणि छत्रीसकट खाली सुखरूप उतरला, म्हणून त्या खालच्या गावाला छत्री निजामपूर म्हणतात, ही दंतकथा. कड्यावर पाच मिनिटं उभं राहिलं की दंतकथा रचणाऱ्याला वाऱ्याची चांगली ओळख होती हे पटतं.

जाण्यापूर्वी एखादं पुस्तक वाचायचं तर शां. वि. आवळसकरांचं ‘रायगडची जीवनकथा’ वाचावं. गडावरचा माहितीफलक एका वाक्यात संपतो, आणि बाजारपेठेच्या त्या दोन लांब रांगा नुसती जोती बघून डोळ्यांपुढं उभ्या राहत नाहीत.

तिसऱ्या दिवशी पाय बोलत असतील तर खिंडीजवळच्या वाघबीळात जावं. नाचणटेपाची गुहा असंही तिला म्हणतात. पाचाडच्या खिंडीतून थोडी चढण चढली की डोंगराला आरपार पडलेलं हे भोक लागतं. एका बाजूनं शिरायचं. दुसऱ्या बाजूला शेजारी-शेजारी दोन तोंडं उघडतात, जणू डोंगरानं चष्मा लावलाय. भर उन्हात आत गार वारा सुटलेला असतो आणि समोर अख्खा रायगड. खालून गडावर जाणाऱ्या रस्त्यावर नजर ठेवायला याहून चांगली जागा नाही, हे सैनिक नसलेल्यालाही कळतं. सकाळचे दोन-अडीच तास यात सहज जातात, आणि सुटीच्या दिवशीही इथं फारसं कुणी नसतं.

पाय ठणठणीत असतील तर मात्र प्रदक्षिणा घालावी. गडाला पायथ्यानं वळसा घालणारी ही वाट चौदा-पंधरा किलोमीटरची, म्हणजे पूर्ण दिवसाची. टकमकाचा कडा खालून मान मागं टाकून पाहायचा, भवानी टोकाखालून जायचं, मग काळकाईची खिंड. या खिंडीपलीकडे पोटल्याचा डोंगर आहे. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांनी तोफा त्याच डोंगरावर चढवून रायगडावर मारा केला, आणि गडावरची घरंदारं जळाली. वरच्या उघड्या जोत्यांचं कारण इथं खाली कळतं. हजारो माणसं एका दिवशी गडावर जातात, पण गड सह्याद्रीच्या रांगेपासून कसा सुटा उभा आहे, त्याला चहूकडून कडे कसे आहेत, हे या वाटेवरच्या मूठभरांनाच दिसतं. वाट सलग मळलेली नाही. वाड्या-वाड्यांतून, ओढ्यांतून जाते आणि गवत वाढलं की हरवते. पाचाड किंवा हिरकणीवाडीतून माहीतगार माणूस बरोबर घ्यावा, त्याची दिवसाची मजुरी आधी बोलावी आणि त्याच्या जेवणाचा डबाही आपल्याबरोबर घ्यावा. पाणी भरपूर न्यावं. वाटेत दुकान नाही.

आता या गावाची उणीव. चालण्यासारखं असूनही पाचाड चालणाऱ्यांसाठी बांधलेलं नाही. रस्त्याला कडेची पायवाट नाही. आठवड्याच्या मधल्या वारी खिंडीतला रस्ता तुमचा असतो. रविवारी सकाळी नऊनंतर तोच रस्ता गाड्यांचा, बसचा आणि भोंग्यांचा. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत रायगड आहे. त्यानं गाड्या कमी होणार नाहीत हे सांगायला ज्योतिषी नको. माथेरानला दस्तुरी नाक्यावर गाड्या अडवतात आणि पुढे बरेच जण चालत किंवा घोड्यावर जातात, तशी काही व्यवस्था सुटीच्या दिवसांपुरती पाचाडच्या अलीकडे केली तर खोल्या भाड्यानं देणाऱ्या, ताक-सरबत विकणाऱ्या बायांच्या पदरात दोन पैसे जास्त पडतील असं मला वाटतं. आज गाडी त्यांच्या दारावरून न थांबता पुढे जाते. तोवर उपाय एकच, सोमवार ते गुरुवार जावं.

६ जूनला राज्याभिषेक दिन, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला तोच सोहळा तिथीनं, आणि चैत्री पौर्णिमेला पुण्यतिथी. या दिवसांत गडावर लोटणारी गर्दी ज्यांना अनुभवायची आहे त्यांनी अवश्य जावं, पण तो सुटीचा बेत नव्हे. खोली, पाणी, झोप यांची अपेक्षा ठेवू नये. पाचाडचा स्वतःचा दिवस ज्येष्ठ वद्य नवमीचा, जिजाऊंच्या पुण्यतिथीचा. राज्याभिषेकाच्या तिथीनंतर तो दीड आठवड्यात येतो. पावसाला सुरुवात झालेली असते, त्यामुळे छत्री हवीच.

परतीच्या दिवशी महाडला अर्धा दिवस हाताशी ठेवावा. चवदार तळं गावातच आहे, एसटी स्थानकापासून चालत जाता येतं. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर इथल्या पाण्याची ओंजळ घेऊन प्यायले, आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला याच शहरात मनुस्मृतीचं दहन झालं. मार्चच्या वीस तारखेला इथंही मोठी गर्दी असते. वेळ उरला तर महामार्गालगत डोंगरात कोरलेली गांधारपाल्याची बौद्ध लेणी बघून होतात. रिक्षा करावी आणि वर चढायला अर्धा तास धरावा. रेल्वेनं जायचं असेल तर आपली गाडी वीरला थांबते की माणगावला, हे तिकीट काढतानाच पाहून घ्यावं. लांब पल्ल्याच्या बऱ्याच गाड्या दोन्ही ठिकाणी न थांबता निघून जातात.